चाळीस सेकंदांत वाचलेलं पत्र

प्रिय वर्नन,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. हे पत्र वाचताना पानावरून भराभरा हात फिरवलास ना, तर तुझ्या शिकागोच्या क्लासात येऊन विद्यार्थ्यांदेखत कान पिळीन. थोरली बहीण आहे मी तुझी.

तुझी ती जलद वाचनाची विद्या मला पाठ आहे. मनातल्या मनातही शब्द उच्चारायचा नाही, ओठ हलवायचे नाहीत, पानावरून हात फिरवायचा आणि त्याच्यामागे नजर मधोमध सरळ खाली. गेल्या नाताळात इथं नेब्रास्कात आलास, आणि पेपर वाचताना आईचे ओठ हलतात म्हणून भरल्या टेबलावर तिच्या दातांत पेन्सिल धरायला लावलीस. "अशानं मिनिटाला दीडशे शब्दांच्या वर जायची नाहीस तू!" ती बिचारी हसली, पेन्सिल धरून बसलीसुद्धा. तेव्हाच तुझ्या मुस्काटात द्यायला हवी होती मी.

मार्चमध्ये तिनं तुला चार पानं लिहिली. मला वाचून दाखवूनच पाकीट बंद केलं. कोंबड्या, चर्चचे नवे पडदे, शेजाऱ्यांचा बिघडलेला ट्रॅक्टर. महत्त्वाचं सांगायचं असलं की ती आधी गावभर फिरून येते, हे तुला ठाऊक नाही होय रे? तिसऱ्या पानाच्या मध्यावर होतं: घशात गाठ निघाली आहे, बारा एप्रिलला डॉक्टर स्वरयंत्रच काढणार आहेत, त्याआधी एकदा ये, मला तुझ्याशी बोलायचंय.

तुझं कार्ड आलं. "पत्र चाळीस सेकंदांत वाचलं! कोंबड्या मजेत आहेत, आनंद झाला." आई कितीतरी वेळ ते कार्ड हातात धरून बसली. मी फोन उचलला तर माझा हात धरला. "मी कळवलंय त्याला. यायचं तर येईल. कामात असेल गं." हट्टाला तुमच्या दोघांच्या तोड नाही.

बारा तारखेला ऑपरेशन झालं. गाठ गेली, आई वाचली. आवाज गेला. तो आता परत यायचा नाही.

आदल्या संध्याकाळी, तुला सांगायचं होतं ते सगळं तिनं मला सांगितलं. "वर्ननला कळव," म्हणाली, आणि वचन घेतलं. त्यासाठी हे पत्र. पण तिचं बोलणं मी लिहून पाठवणार नाही, मेले तरी नाही. कागदावर आलं की तू ते उरकशील. इथं ये. माझ्यासमोर खुर्ची घेऊन बस. बोलताना ती जिथं जिथं थांबली, तिथं थांबत मी तुला एकेक शब्द तोंडानं सांगेन.

नाइलाजानं का होईना, तुझीच,
आयडेला