टोचली तर सांग

प्रिय ताई,

पार्सलमधली कवळी आधी पाण्यात टाक, मग हे पत्र वाच. घाईघाईनं तोंडात घालू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

फोनवर तू 'बरा आहेस ना?' विचारतेस आणि मी गाडी हवापाण्यावर नेतो. प्रोस्टेटचा कॅन्सर थोरल्या बहिणीला कसा सांगायचा, या संकोचात तो हाडांपर्यंत पोचला तेही सांगायचं राहिलं. आधी इंजेक्शनं देऊन पुरुषी हार्मोन आटवलं. मग ऐन थंडीत मला घामाच्या आंघोळी! हिची पाळी जाताना मी हिला 'भट्टी' म्हणून चिडवायचो. आता ही मुकाट पंखा लावते आणि गालातल्या गालात हसते.

पुढे कॅन्सरच्या गाठी उरल्यासुरल्या हार्मोनवरही भागवायला शिकल्या, म्हणून आता केमो चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी छान समजावलं. हार्मोनचा 'वाढा' हा निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत बारीक तंतूंच्या वाटेनं जातो. हे औषध ते तंतूच जखडून टाकतं, निरोप अध्येमध्ये अडकून बसतो. रक्तातला कॅन्सरचा आकडा उतरतोय, ताई. मला अजून खूप जगायचंय गं.

पण तसेच तंतू बोटांच्या नसांतही असतात, आणि औषधाला आपलं-परकं कळत नाही. आमच्या दातांच्या लॅबमध्ये माझा अंगठा प्रसिद्ध होता, आठवतं? डोळे मिटून तो कवळीच्या कडेवरून फिरवायचो. त्यानं पास केली तरच ती डबीत जायची. हल्ली माझ्या शर्टाची बटणं ही लावते. मी लाडात आलोय असं तिला वाटतं. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारतात, बोटं बधिर होतात का? मी 'छे!' म्हणतो. खरं सांगितलं तर औषध कमी करतील, याची धास्ती वाटते.

तुझी कवळी मी पुन्हा पुन्हा चाचपली. सगळीकडे गुळगुळीत लागली. पण आता मला खरखरीत पॉलिशपेपरही गुळगुळीतच लागतो.

म्हणून हे पत्र. जुनी कवळी सैल होऊन हिरडी सोलत होती, तरी 'धाकट्यानं केलीय, झकास आहे' म्हणत तू कितीतरी दिवस तशीच जेवलीस. भावोजींनी मागाहून सांगितलं. या वेळी माझं मन राखू नकोस. घाल, नीट चाव, आणि टोचली तर टोचली म्हण. तसं कळवलंस, तर पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंसमोर दोन्ही हात ठेवीन आणि खरं ते सांगेन. माझा अंगठा फितूर झालाय, ताई. तुझ्या हिरड्यांना तरी खरं बोलू दे.

तुझाच लाडोबा,
धाकटा