साहेब येणार म्हणून सुट्टी

पोरांच्या आईस आशीर्वाद. इकडे लेकाकडे आम्ही बरे आहोत, गुडघा तेवढा कुरकुरतो.

नातीची सरकारी शाळा म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. काल तपासणीला साहेब येणार होते. मास्तरांनी पाचवीतल्या कच्च्या मुलांना, आपल्या नातीलाही, शहाणी म्हणून गोंजारलं आणि सुट्टी दिली. साहेबांच्या नजरेला ती पडू नयेत म्हणूनच हे, मी ओळखलं आणि तिला गणवेश घालून घेऊन गेलो.

"आजोबा, हिला सुट्टी आहे," फाटकात हेडमास्तर म्हणाले.

"मग शाळा कुणासाठी उघडलीत, बाकांसाठी?"

मी पायरीवरच ठाण मांडलं, तेव्हा तिला आत घेतलं. साहेब चहा पिऊन गेले, वर्गात डोकावलेसुद्धा नाहीत.

पोर रुसली आहे. शहाणपणाचं बक्षीस आजोबांनी घालवलं म्हणते. तिला तसंच वाटू दे. तिला पत्रात यातलं काही विचारू नकोस.

तुझा खोकला कसा आहे? घरी एकटी आहेस, रात्री दाराची कडी नीट लावत जा.

तुझ्या काळजीत,
नातीचा आजोबा