दंडावरच्या पट्टीचा रंग

पिस्तूल रिकामे करून टेबलावर ठेवत होतो, तेव्हा शेजारचा वॉल्टर म्हणाला, "मृत्युपत्र लिही आता, लिओन. हात शांत आहे तोवर."

म्हणून मी, लिओन वोयचिक, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त पोलीस सार्जंट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली नसताना हे लिहितो.

घर मुलगी ज्युडिथला. मागचे दार उचलून लावावे लागते, तिला ठाऊक आहे.

होडी वॉल्टरला. तो ती बुडवणार, तरीही.

पिस्तूल कोणालाही नाही. त्याचे तुकडे करावेत.

निवृत्त पोलिसाला कपड्यांखाली पिस्तूल बाळगू देणारा कायदा आहे. वर्षातून एकदा नेम दाखवायचा, की परवान्याचे कार्ड मिळते. माझा नेम कधीच चुकला नाही. पण आमच्याकडे साध्या वेशातले पोलीस दंडावर पट्टी बांधतात. शिळा रंग चोरही बांधेल, म्हणून रंग रोज बदलतो आणि सकाळच्या हजेरीत सांगतात. निवृत्ताला हजेरी नसते.

नऊ वर्षांपूर्वी मी औषधांच्या दुकानात असताना दरोडा पडला. एक तरुण पिस्तूल घेऊन आत धावला. मी गोळी झाडली. तो डेनिस ओर्सिनी, एकोणतीस वर्षांचा, पोलीस. चौकशीत मी निर्दोष ठरलो. कार्ड परत मिळाले.

त्याच्या आईने एवढेच विचारले, "पट्टी दिसली नाही का हो?"

मी नाही म्हणालो. दिसली होती. हिरवी होती. त्या दिवशीचा रंग मला माहीत नव्हता.

बँकेतली शिल्लक आणि हे पान श्रीमती ओर्सिनींना द्यावे.

ज्युडिथही पोलिसात आहे. तेव्हापासून ती नियम मोडून रोज सकाळी सहाला मला फोनवर रंग सांगते. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होते. कार्ड घेऊ नकोस, असे मी तिला विनवले. ती हसली.

"बाबा, माझा नेम तुमच्याहून बरा आहे."

"माझाही बराच होता."

घर देताना तशी अट घातलेली नाही. अटीने कोणी थांबत नाही.

साक्षीदार: वॉल्टर प्रुइट, शेजारी, इर्मा होल्ट, ग्रंथपाल.
सही: लिओन वोयचिक
हार्लन फेरी, पेनसिल्व्हेनिया, ९ ऑक्टोबर २०१९

ता. क., १० ऑक्टोबर: काल संध्याकाळी ज्युडिथने हे वाचले. आज सकाळी तिने कार्डाचा अर्ज टपालात टाकला. त्याआधी, सहाला, फोन आला होता. पांढरा.