बुडावरची लेबलं

३ मार्च, मंगळवार

किल्ली मिळाली! काचेच्या कपाटाची! सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने दिली. लग्नाला सहा वर्षं झाली, आजवर त्या कपाटासमोर शिंकायचीही चोरी होती. म्हणाले, "उद्यापासून शिकवतो. इटालियन काच नुसती बघून चालत नाही, तिचं बूड वाचता आलं पाहिजे." नवरा आ वासून बघत राहिला. सख्ख्या मुलाला कधी बोट लावू दिलं नाही, आणि मला किल्ली!

४ मार्च

पहिला धडा. मांडीवर जाड टॉवेल, त्यावर वस्तू उलटी. मग लेबल मोठ्याने वाचायचं – आकार, रंग, अक्षरं, कुठे फाटलंय ते. बाबा डोळे मिटून ऐकतात आणि कारखाना सांगतात. एकदाही अडले नाहीत! काय तो रुबाब!

७ मार्च, शनिवार

कोरलेली सही असेल तर ती ओरखड्यांच्या खाली हवी. फळीवर सरकून सरकून बूड झिजतं, ओरखडे सहीवरून जातात. सहीच ओरखड्यांवर असली तर कोणीतरी मागाहून शहाणपणा केलाय. आज मी एक पकडली! हिरव्या काचेच्या माशाच्या पोटाखाली. "बाबा, हा मासा लबाड आहे!" बाबा इतके हसले की ठसका लागला. बावीस वर्षं मिरवलाय त्यांनी तो. मला वाटलं आता ओरडा बसणार, तर म्हणाले, "शाब्बास पोरी, घरातल्या घरात माझं नाक कापलंस!"

दिवसभर जमिनीवर पाय नव्हते माझे.

८ मार्च

जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली. नवा कागद तिच्यात निळा चमकतो, जुना नाही. पडदे ओढून घरभर फिरले. लेबलं सगळी काळीठिक्कर – म्हणजे जुनी! नवऱ्याचा शर्ट मात्र लख्ख चमकला. "बघ, मी अजून नवाच आहे," म्हणे. इश्श!

१२ मार्च, गुरुवार

मेले! ओल्या फडक्याने पुसलं. ओल्या! पहिल्याच दिवशी बजावलं होतं की लेबलाजवळ फक्त कोरडा ब्रश. दोन लेबलं सुटून फडक्याला चिकटली. एक गोल चंदेरी, एक चौकोनी लाल. बाबा नवऱ्याबरोबर बाहेर गेले होते, कधीही आले असते. धावत जाऊन खळ शिजवली, चिकटवली. चंदेरी निळ्या फुलदाणीला, लाल पिवळ्या वाडग्याला. बहुतेक!

रविवारी बाबांचे मित्र येणार – दाढीवाले काका, काचेतले दर्दी. कपाट दाखवणार मी. त्यांच्या लक्षात आलं तर किल्ली गेलीच समजायचं.

१३ मार्च

बाबांनी आज नेमकी निळी फुलदाणी मागितली. उलटी केली, डोळ्यांजवळ नेली. आणि काही न बोलता परत दिली! म्हणजे बरोबर चिकटलंय! स्वयंपाकघरात जाऊन चक्क गिरकी घेतली.

१५ मार्च, रविवार

आधी सगळं झोकात चाललं होतं. मी बोलत होते, काका माना डोलावत होते, माशाचा किस्सा तर दोनदा सांगायला लावला.

मग बाबांनी निळी फुलदाणी काकांपुढे उलटी धरली. लेबलावर बोट ठेवून म्हणाले, "हे चौकोनी लाल बघ. माझं सगळ्यात लाडकं."

बोटाखाली गोल चंदेरी होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. काका हळूच म्हणाले, "हो रे. लाल. सुरेखच आहे."

१६ मार्च

सकाळी सगळं कबूल केलं – ओलं फडकं, खळ, अदलाबदल. रडतच किल्ली त्यांच्या पुढे धरली. बाबांनी चाचपडत माझा हात शोधला आणि मूठ मिटवली. "तुझ्याकडेच असू दे. मला आता कुलूप सापडत नाही."