पोले

प्रिय नूतन,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

इथे बल्लारपुरात मोटरसायकलच्या गॅरेजात लागलो आहे. काल जेवणाच्या सुट्टीत जुना मोबाइल साफ करताना तुझ्या आबाजींचं रेकॉर्डिंग सापडलं. ब्रह्मपुरीला तुझ्या प्रोजेक्टसाठी मी फोन धरून बसायचो ना, तेच. आफ्रिकेतलं किसुमू, इंग्रजांचं राज्य, आबाजींचे वडील तिथे रेल्वेत फिटर. गोऱ्यांचे बंगले टेकडीवर, आपल्या लोकांची क्वार्टरं मधात, आणि लहानग्या आबाजींना सांभाळणारी तिथलीच बाई, अटिएनो, खाली तळ्याकाठी. ते पेरूच्या झाडावरून पडले तेव्हा ती धावत आली आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणत राहिली, पोले, पोले. आबाजी सांगतात, "तिनं मले ढकललं नव्हतं बाप्पा, माफी नाई मागत होती. तुले लागलं ते मले समजलं, एवढाच त्याचा अर्थ. असा शब्द आपल्याकडे नाई." ते कायमचे इकडे निघाले त्या दिवशी तिला फलाटावर येऊ दिलं नाही. कुंपणापलीकडून ती तेच ओरडत होती.

हे मीच रेकॉर्ड केलं, पण ऐकलं काल. तेव्हा मी तुझ्याकडे पाहत होतो.

आता तो दिवस आठव. सरांशी भांडून कॉलेज सोडल्याचं मी चार महिने लपवलं होतं. आबाजींनी विचारलं, मी सांगून टाकलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोले, पोले, बापू." मला ऐकू आलं, पोल. वाटलं, पोल खुलली म्हणून म्हातारा तुझ्यासमोर मला हसून राह्यला. डोकं फिरलं. त्यांचा हात झटकून मी म्हणालो, "पोल तर तुमची आहे! कुठची आफ्रिका? बल्लारपूरच्या पुढे गेले होते का कधी?" तू मला दाराबाहेर काढलंस. बरं केलंस.

काल तुझ्या बहिणीला, रीनाला फोन केला. म्हणाली, त्या दिवसापासून आबाजींनी किसुमूचं नाव काढलं नाही. आता गडचिरोलीच्या दवाखान्यात आहेत, जास्त दिवस नाहीत.

तू मला येऊ देणार नाहीस, ठाऊक आहे. सोबत मेमरी कार्ड आहे. मोबाइलात घालून त्यांच्या चांगल्या कानाशी लाव. अटिएनो खरी होती, हे त्यांना त्यांच्याच आवाजात ऐकू दे. मग गुडघ्यावर हात ठेवून माझ्या वतीने तो शब्द म्हण. चूक नसलेल्या माणसाचा शब्द आहे तो. माझी तर चूक होती. पण मले दुसरा येत नाई.

तू मान, नको मानू, तुझाच
संघपाल