बोगद्यातली हीना

१४ नोव्हेंबर २०१७, अमडापूर

आलो एकदाच्या! शेगावच्या लॉजच्या काउंटरवरच्या नोकरीतून सुटले. शालूबाईंची भाड्याची खोली ऐसपैस आहे. सामान उतरायच्या आधीच आयशा त्यांच्या शेळीचा कान धरून तिला पाढे शिकवत होती. दिवसभर तिला शालूबाईच सांभाळणार. आम्हा मायलेकींना एकमेकींशिवाय कोणी नाही, त्यामुळे जिवाला फार बरं वाटलं.

ऑफिस म्हणजे कपाशीच्या बियाण्यांच्या कंपनीची शाखा: दोन टेबलं, एक पंखा आणि शाखाप्रमुख भगवंतराव. शेतकऱ्यांच्या तक्रारी मी कॉम्प्युटरवर चढवायच्या. सगळी नोंद कंपनीच्या क्लाउडवर जाते. भगवंतराव म्हणाले, ढगात ठेवतात म्हणून तर कोणाच्या पदरात काही पडत नाही! तिथे पोचायला व्हीपीएन लागतं. मी त्याला बोगदा म्हणते. बोगद्यातून गेलं की कुठेही बसा, कंपनी तुम्हाला घरातलं माणूस मानते. बोगद्याच्या तोंडाशी फोन एवढंच विचारतो, ‘तुम्हीच आहात का?’ होय दाबायचं, की झालं.

२० नोव्हेंबर

बोंडअळीने कहर केलाय. अळी लागणार नाही म्हणून लोकांनी महागाचं बीटी बियाणं पेरलं, आणि आता खिशातून बोंडं आणून टेबलावर फोडतात. आत गुलाबी अळी. तक्रार टिकली तरच भरपाईची आशा. मी एकही गाळत नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना फोन विचारू लागला, तुम्हीच आहात का? मी तर काही उघडलंच नव्हतं. कटकट नको म्हणून पिठाच्या बोटाने होय दाबलं. शालूबाई बघत होत्या. "कोन हाय ते न पायताच ओ देली काय वं?" म्हणाल्या. मी हसले.

२३ नोव्हेंबर

उकंडराव नावाच्या शेतकऱ्याची तक्रार निकालात निघाली, तीही माझ्या, हीनाच्या, नावाने. खाली शेरा: ‘शेत पाहिले. अळी नाही.’ आणखी कितीतरी तशाच. मी कुणाच्या शेतात पाऊलही टाकलेलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथल्या माणसाने तपासून सांगितलं, कोणी परकं घुसलेलं नाही. बोगद्यात हीना एकच आहे, आणि ती आत्ताही आत आहे.

माझा कॉम्प्युटर बंद होता.

२७ नोव्हेंबर

उकंडराव भांडायला आले. काल दुपारी मी स्वतः त्यांच्या शेतात गेले म्हणे. बोंड फोडलं, अळी माझ्या तळहातावर चालली, आणि तिच्याकडे बघत मी म्हणाले, अळी नाही. काल रविवार. मी दिवसभर घरी आयशाच्या उवा काढत होते.

"तुमीच होत्या बाई," ते म्हणाले. "अन् जाताना मले इचारलं, शालूबाईचं घर कोनतं?"

त्यांनी दाखवलंही. मला खरंच भीती वाटतेय.

२८ नोव्हेंबर

फोन सारखा विचारतो. नाही दाबते. नाही. नाही. मुख्य कार्यालयाला म्हटलं, माझं खातं बंदच करा. केलं. म्हणाले, बाहेरून येणारी वाट बंद झाली, आत असलेल्या हीनाला काही त्रास होणार नाही —

भगवंतराव मला ओळखेनात. कोण पाहिजे, म्हणून विचारलं. हीना आत्ताच सुट्टी घेऊन गेली म्हणाले. मुलीला गावाला न्यायचं आहे —

घरासमोर

धावत आले. दार आतून लावलेलं. पायरीवर लिहितेय. अक्षर तरी माझं आहे, कोणी वाचलं तर — शालूबाई खिडकीतून म्हणाल्या, "हीना घरातच हाय. तुमी कोन?"

आत माझाच आवाज. आयशाची वेणी घालतेय. ओरडत नाही. मी तर रोज ओरडते —

दार उघडलं. आयशा पाण्याचा गिलास घेऊन आली. "खाला, रोओ मत," म्हणाली. मला, तिच्या आईला, खाला, म्हणजे मावशी. मी हात धरला तर किंचाळली. सोडला. माझं लेकरू मलाच घाबरलं —

मागून ती आली. हातात पिशवी. आयशा तिला बिलगली. निघाल्या. एस.टी. आली वाटतं. मी उठतेय — आयशा, एकदा मागे बघ, बेटा, मा