इंजिन बसलेलं नाही

मी, पुष्पाबाई कडूबा सोनुने, वय सत्तरीच्या पुढे (नक्की किती ते आधार कार्डालाही नीट माहीत नाही), धंदा शेती, राहणार धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझं डोकं शाबूत आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्याचे दोन्ही साक्षीदार वारले. माझ्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन "आता फार दिवस काढत नाही" असं दोघंही म्हणायचे. ते इंजिन चालू आहे.

लिहून घेणारे वकील श्रेणिक हे आम्हाला बियाणं देणाऱ्या भंवरलालजींचे नातू. नवीन जालन्याहून बाजाराच्या दिवशी भोकरदनला येतात. ते म्हणाले, "मावशी, मृत्युपत्रात फक्त मिळकतीचं लिहायचं असतं." मी म्हटलं, "मंग राग बी लिवा. मी कमावलेला हाय त्यो." तेव्हा त्यांनी पुढे लिहायला घेतलं.

कलम पहिले. राहतं घर मुलगा अंगद आणि सून दैवशाला या दोघांच्या नावे सारखं. पुढच्या खोलीतला पलंग अंगदचा एकट्याचा. तसाही तो त्यावरून उठत नाही.

कलम दुसरे. मोसंबीच्या बागेतला माझा हिस्साही दोघांना सारखा. एकाने झाडं काढायची म्हटली तर दुसऱ्याची सही लागेल. अंगदने तोंड वाकडं करू नये, हे मी जिवंतपणी सांगितलेलं आहे.

कलम तिसरे. बँकेत जे निघेल त्यातून माझं तेरावं करावं. वरण पातळ करू नये. आमच्या यांच्या, म्हणजे मालकांच्या, तेराव्याला ते इतकं पातळ होतं की लोकांना ताटात स्वतःचं तोंड दिसत होतं. उरेल ते अंगदचं.

कलम चौथे. दीर पुंजाराम यांना डिझेलचा पांढरा कॅन, रिकामा. ते दर हंगामाला ट्रॅक्टर मागून नेतात आणि टाकी कोरडी करून आणून लावतात. हा कॅन त्यांनी भरून आणला तर भरलेला त्यांचाच. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. रिकामा कॅन ही पण मिळकतच आहे.

कलम पाचवे, ट्रॅक्टरचे. याची हकीकत लिहिणं भाग आहे.

हा ट्रॅक्टर यांनी बागेसाठी घेतला. बाईच्या नावावर घेतला तर सवलत जास्त मिळते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून कागदावर माझं नाव आलं. मला सही येत होती, पण कोणी विचारलं नाही. यांनी माझा अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला आणि म्हणाले, "झाली तू मालकीण. आता च्या टाक." त्या दिवसापासून गावात माझं नाव कागदावरची मालकीण. मी एकदा बसायला गेले तर यांनी हाताला धरून खाली उतरवलं. म्हणाले, "बाई बसली की इंजिन बसतं." सगळी गल्ली हसली. हसणाऱ्यांत मीही होते, त्याचा मला अजून राग येतो.

पुढे यांची कंबर धरली, अंगदला ऊन सोसेना आणि बागेतली मशागत थांबली. तेव्हा दैवशाला बसली. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सकाळी इंजिन चालू करून थोडा वेळ तसंच ठेवायची, मग गिअर टाकायची. धुळीत काम झालं की हवेच्या फिल्टरची वाटी काढून धुवायची, त्यात नवं ऑईल घालायची. ऑईलचं डांबर होईपर्यंत थांबायची नाही. अंगद त्याच ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली जोडायचा आणि काळा धूर निघाला की म्हणायचा, "ताकद लावून राह्यलाय." लोक मला विचारतात, एवढंसं इंजिन इतकं टिकलं कसं. छोटं इंजिन म्हातारं होऊन मरत नाही, माणसं त्याला मारतात. आमच्या घरी मारणारा एक होता आणि जपणारी एक होती. जपणारी जास्त दिवस बसली, एवढंच.

आता अंगदला मोठा ट्रॅक्टर हवा आहे. मोठा ट्रॅक्टर मोसंबीच्या दोन ओळींत शिरत नाही. शिरवला तर फांद्या घेऊन बाहेर येतो. म्हणजे बाग काढायची, सोयाबीन पेरायचं आणि जिने बाग उभी केली तिला परत चुलीपुढे बसवायचं.

गेल्या दिवाळीआधी अंगदने घरात येऊन सांगितलं, "माय, इंजिन बसलं. बिलकुल उचलत न्हाई. मी भंगारवाल्याला बोलून आल्तो." दुसऱ्या दिवशी जालना एमआयडीसीतून टेम्पो आला. तिथे लोखंड वितळवून सळया करतात. माझा ट्रॅक्टर कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जाणार होता.

दैवशालाने टाकीचं झाकण काढून आत पाहिलं. टाकी कोरडी. आदल्या दिवशी पुंजाराम भाऊजींनी आणून लावला होता. अंगद कोरड्या टाकीवर बॅटरी उतरेपर्यंत चावी फिरवत बसला होता. दैवशालाने डिझेल ओतलं, पाना घेऊन फिल्टरवरचा नट सैल केला, लाईनमध्ये शिरलेली हवा काढली आणि भंगारवाल्याच्या माणसांना म्हणाली, "दादा, आलेच हाव तर जरा ढकला." त्यांनी ढकललं. ट्रॅक्टर दोन उचक्या देऊन चालू झाला. परत जाताना त्यांचा टेम्पो काळ्या मातीत रुतला. तो याच ट्रॅक्टरने ओढून काढला. अंगद त्या वेळी पलंगावर होता.

म्हणून लिहिलं होतं ते असं: "माझ्या पश्चात सदर ट्रॅक्टर, चालू स्थितीत, पान्यांच्या पेटीसह, सून दैवशाला हिला मिळावा. अन्य कोणाचा हक्क राहणार नाही."

वकिलांनी हे वाचून दाखवलं. मला वाटलं, सुनेच्या डोळ्यांत पाणी येईल. दैवशाला मला त्याच ट्रॅक्टरवर धावड्याहून घेऊन आली होती आणि दारात उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या पश्चात म्हंजे मी तुमी मरायची वाट बघत बसू का? आन तवर अंगदनं इकला तर? मंग मी बी कागदावरचीच."

मला तिचा राग आला आणि तिच्या जागी मीच उभी आहे असंही वाटलं. मला खाली उतरवलं तेव्हा हे बोलता आलं नव्हतं. तिला आलं, याचा मला आनंद झाला, हे इथे नोंदवते.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, खोडा ते कलम. हयातीत देता येतं का?"

"येतं, मावशी. ट्रॅक्टर नावावर करायचे अर्ज भरावे लागतील. पण मग मृत्युपत्रात ट्रॅक्टर राहणार नाही."

"नको राहू दे. मी बी कुठं राहणार हाय."

सबब कलम पाचवे सही करण्याआधी खोडलं आहे. नाव बदलण्याच्या अर्जांवर आजच सह्या केल्या आणि किल्ली दैवशालाच्या हातात दिली. सदर ट्रॅक्टर माझ्या मिळकतीत नाही. इंजिन बसलेलं नाही. या कागदात ज्याला काही मिळालं त्याला ते मी मेल्यावर मिळेल, तिला मिळालं ते मी बघितलं.

येणेप्रमाणे वाचून घेऊन, समजून, खाली माझ्या हाताने पूर्ण नाव लिहिलं आहे. वकिलांनी शाईचा पॅड पुढे केला होता, तो मी परत केला.

(सही) पुष्पाबाई कडूबा सोनुने

साक्षीदार:
१. (सही) भागवत मिसाळ, राहणार धावडा.
२. (सही) वसंता पगारे, टेम्पोचालक, राहणार जालना. माझा टेम्पो सदर ट्रॅक्टरने ओढून काढला, हे खरं आहे.

ठिकाण: भोकरदन
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५

ता. क. आता धावड्याला परत जायचं आहे. ट्रॅक्टर दुसऱ्याचा आहे, त्यामुळे मालकिणीला विचारलं. ती म्हणाली, "बसा."